नवेगावच्या बाजारात न फुटलेला नारळ

मु. नवेगाव बांध, स्टेशन देवलगाव,
मध्यप्रदेश.
मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १८७६

ती. गं. भा. आत्येच्या पायांवर बाबल्याचं डोकं. तुझे गुडघे या थंडीत काय म्हणतात, तिळाचं तेल संपलं का, तांबू गाय व्याली का, आणि विहिरीजवळच्या माडावर शेजाऱ्यांचा डोळा अजून आहे का, हे सगळं मी इथं रोज मोठ्यानं विचारतो, पण आचऱ्यापर्यंत ऐकू जात नाही म्हणून लिहितो. मी खुशाल आहे. जरा जास्तच खुशाल आहे, कोटाचं मधलं बटण लागेनासं झालं आहे. हे पत्र तुला नेहमीप्रमाणे पोस्टमास्तर वाचून दाखवतील. त्यांना माझा नमस्कार आणि एक विनंती, की पत्रात जे जे कंसात लिहिलं आहे ते त्यांनी मनातल्या मनात वाचावं. (पोस्टमास्तर, हे असं. आत्ये विचारील, का थांबलात म्हणून. चष्मा पुसायला घ्यावा.)

निघताना तू मला उंबऱ्यावर अडवून तीन गोष्टी बजावल्या होत्यास. केवळराम गुरुजींच्या मुलखात चिन्नोर नावाचा वासाचा तांदूळ पिकतो, तो पायलीभर आणायचा. तळ्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो असं तू जन्मभर म्हणत आली आहेस, तर ते खाऊन पाहून खरं काय ते सांगायचं. आणि सर्वांत मुख्य म्हणजे परत येताना एकट्यानं यायचं. ही तिसरी अट तू का घातलीस ते मला कळतं. कुडाळच्या मोटारस्टँडवर भेटलेला तो पेटी दुरुस्त करणारा मी दोन दिवसांपुरता घरी आणला आणि तो गणपतीपासून शिमग्यापर्यंत राहिला. त्याची फुटकी पेटी अजून आपल्या माजघरात आहे. त्याच्या आधीचा तो रत्नागिरीचा ज्योतिषी, ज्याला आपला मुक्काम किती दिवस आहे तेवढंच सांगता येत नव्हतं. माणसं जोडणं हा तुझ्या मते मला लहानपणी गोवर आला त्यातून मागे राहिलेला विकार आहे. म्हणून तू विहिरीजवळच्या माडाचा नारळ स्वतःच्या हातानं सोलून, शेंडी राखून माझ्या पिशवीत घातलास, आणि म्हणालीस की तिथं पोचल्यावर जे पहिलं देऊळ लागेल तिथं हा फोड आणि देवाला सांग, याला इथलं एकही नातं चिकटू देऊ नको. आत्ये, त्या नारळाचं काय झालं तेवढंच मी या पत्रात लिहिणार आहे. (पोस्टमास्तर, आत्ये बसली आहे ना? उभी असल्यास आधी बसवा.)

प्रवासाचे चार दिवस मी थोडक्यात उरकतो. बाबल्या परदेशी गेला असं तू साऱ्या वाडीत सांगून ठेवलं आहेस, ते अगदीच खोटं नाही. आपलं मुंबई राज्य, हा मध्यप्रदेश. गोंदियाच्या स्टेशनात उतरलो तर चहावाल्यापासून हमालापर्यंत सगळे हिंदीत बोलत होते. चहावाल्यानं विचारलं, कहाँ से आए हो? आचरे म्हणालो, त्याला कळलं नाही. मालवण म्हणालो, तेही नाही. शेवटी मुंबई म्हणालो, आणि तेव्हापासून मी इथं 'बंबईवाले गुरुजी' आहे. मुंबईत मी आयुष्यात एकूण चार तास काढले, तेही बोरीबंदरच्या बाकावर ट्रंकेवर पाय ठेवून, हे मी सगळ्यांना सांगून पाहिलं. मोठी माणसं असंच कमी सांगतात, असं ते आपापसात म्हणतात. गोंदियाहून पुढं छोट्या रुळांची गाडी आहे. ती इतकी सवडीनं जाते की रुळाकडेनं चालणाऱ्या एका बाईनं मला खिडकीतून मूठभर शिंगाडे दिले आणि ते सोलायचे कसे हे पुढच्या वळणापर्यंत चालत चालत शिकवलं. (हे नातं धरू नये. नाव विचारलेलं नाही.)

केवळराम गुरुजी तुला आठवत असतील. नागपूरच्या शिक्षकांच्या शिबिरात माझ्या शेजारच्या खाटेवर होते ते. दोघांपैकी घोरतं कोण यावरून आमचं जे भांडण सुरू झालं ते सहा वर्षं पत्रांतून चालू आहे, आणि त्याचा निकाल लावायलाच मी मुख्यतः इकडं आलो. ते बैलगाडी घेऊन स्टेशनावर उभे होते. मला पाहून पहिलं वाक्य, "काऊन जी, इतके वाळले?" तेव्हापासून ते मला खाऊ घालून राहिले आहेत. (बघा, मीही त्यांच्यासारखं लिहू लागलो.) संध्याकाळी त्यांनी मला बांधावर नेऊन तळं दाखवलं. आत्ये, मी तळं म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढं देवळामागची तळी येईल, तर तसं नव्हे. पलीकडचा काठ दिसायला डोळे बारीक करावे लागतात. डोंगरांच्या मधल्या फटी मातीच्या पाळीनं बुजवून हे पाणी अडवलं आहे, आणि ते शेकडो वर्षांपूर्वी इथल्या कोहळी लोकांनी, असं गुरुजी म्हणाले. हे कोहळी शेतकरीच, पण तळं बांधावं ते त्यांनीच. पाण्याचा उतार ते नुसत्या डोळ्यांनी ओळखतात, असं इथं सगळे सांगतात. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढं लागेल.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. आपल्याकडे बाजारात जाऊन वस्तू घ्यायची आणि ऊन चढायच्या आत घरी यायचं. इथं सकाळी गेलेला माणूस दिवे लागताना परततो आणि काय आणलंस असं विचारलं तर त्याला आठवावं लागतं. मोहाच्या झाडांखाली एका अंगाला नवे तांदूळ, लाखोळीची डाळ आणि तिच्याच कोवळ्या पाल्याची भाजी. दुसऱ्या अंगाला तळ्यातले मासे आणि शिंगाड्यांचे ढीग. मधोमध जंगलातून उतरलेली माणसं मध, डिंक, सुपं, टोपल्या घेऊन बसलेली. गोंडी, पोवारी, छत्तीसगडी, हिंदी आणि यांची ती रोखठोक मराठी, सगळं एकाच वेळी कानावर येतं. गुरुजींना या सगळ्या भाषा येतात आणि प्रत्येकीत ते आधी एकच वाक्य बोलतात, की हे आमचे बंबईवाले गुरुजी. ते ऐकलं की समोरचा काहीतरी खायला देतो. मी नको म्हणून पाहिलं. नको म्हणणाऱ्याला भूक जास्त असते अशी इथं समजूत आहे, त्यामुळं दुप्पट मिळतं. मुरमुरेवाल्या देवकाबाईंनी (कोहमाऱ्याहून येतात, माझ्याहून चारपाच वर्षांनी वडील, आवाज थेट आमच्या आत्येचा) माझ्या उपरण्यात दोन ओंजळी मुरमुरे ओतले आणि माझ्यादेखत गुरुजींना विचारलं, "कायले आनलं जी याले? हा तर बोलतबी नाई." माझं तोंड मुरमुऱ्यांनी भरलेलं होतं.

बाजाराच्या टोकाला चिंचेखाली मातामायचा चौथरा आहे. ही इथली गावदेवी. पहिलं देऊळ ते हेच, म्हणून गुरुजी तंबाखू घ्यायला वळले तेव्हा मी पिशवीतून नारळ काढून पुढं झालो. अडचण अशी झाली की चौथऱ्यावर शेंदूर लावलेले पाचसहा दगड होते, त्यांतली देवी कोणती आणि नुसता दगड कोणता ते मला कळेना. तुझा नारळ मी देवीच्याच डोक्यावर फोडला असता तर इथून परत आलोच नसतो. तसाच दोन्ही हातांत नारळ धरून उभा होतो, तेवढ्यात शेजारी एक माणूस आला. उंच, सावळा, माझ्याच वयाचा, खांद्यावर दोन गाठोडी. आत्ये, त्याचं नाव मला लिहिता येत नाही. का, ते पुढं येईल. गुरुजी शेजारीच बसले आहेत, त्यांच्या हातात टाक देतो: बकाराम. हं. अक्षर किती वळणदार आहे ते पोस्टमास्तर सांगतील.

तर हा माणूस शेतातला नवा तांदूळ घेऊन आला होता. पहिली मूठ त्यानं देवीपुढं ठेवली, आणि उरलेली ओंजळ माझ्यापुढं धरून म्हणाला, "घ्या जी, नव्या धानाचे तांदूर हायेत. मायले दाखवले, आता मानसाले द्या लागते." काय वास होता म्हणून सांगू! शिजवण्याआधीच भूक लागावी असा. हाच चिन्नोर. आता माझे दोन्ही हात नारळात अडकलेले. देणाऱ्यापुढं एक हात करायचा नाही आणि घेताना आपल्याकडचं काहीतरी द्यायचं, हे मला कोणी शिकवलं? तू शिकवलंस. म्हणून त्यानं तांदूळ माझ्या उपरण्यात ओतले, मुरमुऱ्यांवरच, आणि मी तुझा नारळ त्याच्या हातांत ठेवला. त्यानं नारळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, देवीकडे पाहिलं. मग दगडावरचा शेंदूर बोटानं घेऊन माझ्या कपाळाला लावला. मला वाटलं, असेल इथली रीत, आपण कमी पडायला नको; मीही त्याच्या कपाळाला लावला. मग त्यानं मला मिठी मारली. मिठीच्या बाबतीत तू मला ओळखतेसच. आजूबाजूचा बाजार वळून पाहू लागला आणि देवकाबाईंच्या हातातलं माप खाली पडून मुरमुरे सगळीकडे झाले. माझ्या हातून देवीचा काही अपराध घडला असं वाटून मी दोन्ही कान धरले, तर लोक हसायला लागले.

मग तो मला हाताला धरून चिंचेच्या सावलीत घेऊन गेला. दोन गाठोडी सोडली. दोन्हींत तेच, तेवढंच: पितळी डब्यात मरळ माशाचा रस्सा, केळीच्या पानात भात, लाखोळीची भाजी, तळलेली मिरची. एकच मोठी पत्रावळ मांडली, दोन्ही गाठोडी तिच्यावर उघडली, एका बाजूला स्वतः बसला आणि दुसऱ्या बाजूकडे बोट केलं. मी बसलो. तू विचारशील, जात विचारलीस का? नाही विचारली, आणि जेवून झाल्यावर विचारण्यात काही अर्थ उरला नाही. मरळीबद्दल तुला खरं सांगायचं कबूल केलं आहे, तर खरं हेच की आपल्या सुरमईपुढं या माशाला उभं राहता येणार नाही. (पोस्टमास्तर, फक्त तुमच्यासाठी: चिखलाचा वास औषधाला नव्हता. मी तीनदा रस्सा घेतला आणि डबा भाताच्या शितानं पुसला.)

आमचं खाणं संपत आलं तेव्हा गुरुजी तंबाखू मळत परतले. माझं कपाळ पाहिलं, त्याचं कपाळ पाहिलं, पत्रावळ पाहिली, त्याच्या मांडीवरचा नारळ पाहिला आणि तंबाखू तशीच हातात राहिली. "हे काय केलं जी तुमी? महापरसाद होऊन बसले, आन् मले सांगतबी नाई!" मला बाजूला घेऊन त्यांनी जे समजावलं ते असं. इकडं दोन माणसांना जन्माचं सख्य करायचं असलं की देवासमोर नारळ आणि तांदूळ यांची देवघेव करायची, एकमेकांना टिळा लावायचा, एका पानावर जेवायचं. झाले ते महापरसाद. सख्ख्या भावाशी वाटणीवरून भांडता येतं, महापरसादाशी भांडता येत नाही. त्याची बायको ती आपली वहिनी, त्याची सोयर ती आपली सोयर, त्याच्या घरचं लग्न चुकवलं तर तोंड दाखवायला जागा नाही. आणि त्या दिवसापासून एकमेकांचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, महापरसाद अशीच हाक मारायची. (लिहिण्याबद्दल गुरुजींना खात्री नाही, पण त्यांच्या मते धोका कशाला पत्करा.) आत्ये, आता तूच सांग. नातं चिकटू नये म्हणून दिलेल्या नारळानंच नातं बांधलं, यात बाबल्याचा दोष किती आणि नारळ सोलणाराचा किती?

पण गुरुजींनी पुढं जे सांगितलं ते मी हसत लिहू शकत नाही. या माणसाचा आधी एक महापरसाद होता, कोहमाऱ्याचा. नवं पीक आलं की पहिल्या बाजाराला दोघं इथं भेटायचे, मातामायला तांदूळ वाहायचे आणि या चिंचेखाली एका पानावर जेवायचे. बावीस वर्षं. तीन वर्षांमागं तो तापानं गेला. तेव्हापासून हा दर साल पहिल्या बाजाराला तशीच दोन गाठोडी बांधून घेऊन येतो, एकातलं जेवतो आणि दुसरं तसंच चौथऱ्यावर ठेवून घरी जातो. गावात कोणी त्याला काही म्हणत नाही. आणि देवकाबाई कोण, तर त्या गेलेल्या महापरसादाची बायको. मुरमुरे कशानं सांडले ते मला तेव्हा कळलं. मी ज्या बाजूला बसून तीनदा रस्सा घेतला ती बाजू तीन वर्षं रिकामी होती. आत्ये, मला फार लाज वाटली, आणि लाज वाटत असताना पोट भरलेलं होतं याची आणखी लाज वाटली.

गुरुजी भला माणूस. म्हणाले, तुम्ही परमुलखाचे, तुम्हाला ठाऊक नव्हतं, मी त्याला समजावून सांगतो, तो नारळ परत देईल, राग धरणार नाही. मला तुझी आठवण झाली, उंबरा आठवला, पेटी आठवली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो तळ्याच्या पाण्यानं दोन्ही डबे घासत होता आणि काहीतरी गुणगुणत होता. मग त्यानं दोन फडक्यांतलं एक झटकून कमरेला गुंडाळलं आणि दुसऱ्यात तुझा नारळ बांधला, हलक्या हातानं, तान्हं मूल बांधावं तसा. देवकाबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "तीन साल पान रिकामं होतं जी. बसले, बरं झालं." मी गुरुजींना म्हणालो की काही समजावून सांगू नका. नारळ मी परत मागितला नाही. हे मी शुद्धीवर असताना, भरल्या पोटी, पण विचार करून केलं.

त्यानंतरचे तीन तास मी बाजार पाहिला नाही, बाजारानं मला पाहिलं. माझा महापरसाद मला हाताला धरून प्रत्येक दुकानापुढं उभा करी, एक शब्द बोलत नसे, नुसतं माझ्या कपाळाकडे बोट दाखवी. लगेच नातं निघे. टोपल्या विणणारी एक म्हातारी माझी मावससासू लागली. (पोस्टमास्तर, माझं लग्न झालेलं नाही, तरी सासू आहे.) मासे विकणाऱ्या दोघांनी मला त्यांच्या बहिणीचा दीर ठरवून माझ्या टोपीत जिवंत झिंगे सोडले, कारण दिराची थट्टा करायची असते. एका आजोबांनी मागल्या वैशाखातल्या लग्नाला का आलो नाही म्हणून मला चारचौघांत फैलावर घेतलं, "काऊन नाई आले? पत्रिका भेटली नाई का?" त्या वेळी मी तुमचा कोणी नव्हतो असं मी सांगितलं, ते त्यांना कारण वाटलं नाही. शेवटी मी हात जोडून चुकलो म्हणालो, तेव्हा त्यांनी मला गुळाचा खडा दिला. ऊन कलायला लागलं तेव्हा माझ्याकडे नऊ भाचे, दोन सासवा आणि कितीतरी लग्नांची आमंत्रणं होती. आत्ये, मी चाळीस वर्षांचा एकटा जीव, मला तुझ्याशिवाय कोणी नाही. त्या तीन तासांत मला इतकं बरं वाटलं की ते तुला लिहून कळवण्याची पद्धत मला ठाऊक नाही.

मग मला घरी नेलं. माझी वहिनी धुरपताबाई अंगणात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिला बातमी आमच्या आधी पोचली होती. तिनं पाय धुवायला पाणी दिलं, मी ते प्यायलो, सगळे हसले, मग तिनं आणखी दिलं. गुरुजींसाठी आणलेली सोलं मी तिच्या स्वाधीन केली. ही काळी साल कशाची म्हणून तिनं हुंगून पाहिली, एक तोंडात टाकली, डोळे मिटले आणि मुकाट्यानं चुलीवरच्या रस्स्यात चार टाकली. आत्ये, तळ्यातली मरळ आणि आपल्या परसातलं कोकम एका भांड्यात शिजलं ते मी पाहिलं आहे. (पोस्टमास्तर, आत्येला हे कधीही कळता कामा नये: ते आचऱ्यातल्या कालवणापेक्षा बरं होतं.)

जेवताना समुद्राचा विषय निघाला. धुरपताबाईनं विचारलं, तो आपल्या तऱ्याएवढा (तळ्याला इथं तरा म्हणतात) असतो का जी? मी म्हणालो, थोडा मोठा. तेव्हा माझा महापरसाद, जो दिवसभर चार वाक्यांवर बोलला नव्हता, घास हातात धरून म्हणाला, "मंग त्याची पाळ कोनं बांधली?" मी म्हणालो, पाळ नाही. त्याला ते पटेना. जातीचा कोहळी, ज्याच्या सात पिढ्या पाणी अडवण्यात गेल्या, त्याला पाळ नसलेलं पाणी कसं पटावं? मी भरती-ओहोटी समजावली, की पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं. त्यानं पुष्कळ वेळ विचार केला, बायकोकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "पाळ फुटली असंन कुठंतरी. पाह्य लागते." यावर मी हो म्हणालो. मी फक्त हो म्हणालो, आत्ये.

असो. केवळराम गुरुजी नमस्कार सांगतात. घोरण्याचा निकाल अद्याप लागलेला नाही, कारण इथं दोघांनाही इतकी गाढ झोप लागते की ऐकायला कोणी जागं नसतं. गुडघ्यांना जप, विहिरीवर एकटी जाऊ नकोस, माडाखाली उभी राहू नकोस. मी कबूल केल्याप्रमाणे एकटाच येत आहे.

तुझ्या मांडीवर वाढलेला,
बाबल्या

ता. क. चिन्नोर पायलीभर विकत घ्यावा म्हणून मी विषय काढला. महापरसादाला तांदूळ विकत नाहीत. तो पोतंभर देतो आहे. एवढं पोतं देवलगावापासून आचऱ्यापर्यंत, पाच गाड्या आणि दोन मोटारी बदलून, माझ्यासारख्या माणसाला एकट्यानं आणणं शक्य आहे का, ते तूच सांग.

ता. क. दुसरा. म्हणून पोतं तो स्वतः घेऊन येणार आहे, माघ महिन्यात. त्याला समुद्राची पाळही पाहायची आहे. धुरपताबाई येतील, कारण फुटक्या पाळीजवळ नवऱ्याला एकटं सोडायची त्यांची तयारी नाही. देवकाबाई येतील, कारण महापरसाद जिथं जातील तिथं त्यांच्या घरचं माणूस असावं. गुरुजी येतील, कारण कुठं गाडी बदलायची हे कोणालाच ठाऊक नाही, गुरुजींनाही नाही, पण त्यांना वाचता येतं. एकूण चार. मी वचन मोडत नाही. मी आठ दिवस आधी निघून एकटाच घरी पोचेन. ते मागून येतील. माजघरातली पेटी तेवढी हलवून ठेव.

ता. क. तिसरा. पोस्टमास्तर, आता सगळे कंस तिला वाचून दाखवा. पहिल्यांदा चष्मा पुसलात तेव्हाच तिनं ओळखलं असणार. कोकमाचा तेवढा राहू द्या.

ता. क. शेवटचा. आत्ये, खरं मागणं हे आहे. महापरसादाची आई ती आपली आई, असा इथला नियम आहे, आणि माझी आई म्हणजे तू. त्याची माय गेली त्याला अकरा वर्षं झाली. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, देवकाबाई त्याला महापरसाद म्हणतात, गुरुजी दादा म्हणतात, गाव पाटील म्हणतं, आणि मला तर ते आता लिहिताही येत नाही. माय गेल्यापासून त्याला नुसत्या नावानं हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. हे त्यानं सांगितलं नाही, मी दिवसभर कान देऊन ऐकलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. नाव न घेण्याचा नियम आईला लागू नाही, ते मी गुरुजींना दोनदा विचारून घेतलं आहे. तेव्हा माघात चार माणसं आपल्या अंगणात येतील. त्यांतला जो पोतं खांद्यावर घेऊन, आत यावं की नाही म्हणून बेड्याच्या आडव्या बांबूंपाशीच थांबलेला दिसेल, त्याला तू पडवीतून हाक मार. माझ्यावर ओरडतेस तशी, तेवढ्याच मोठ्यानं. नाव वर गुरुजींच्या अक्षरात आहे. पोस्टमास्तर, ते तिच्याकडून एकदा म्हणवून घ्या.